पीएचपीमधून एसक्यूलाइट वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातील छोटी दुकाने, ग्रंथालये आणि संस्था यांच्यासाठी मी पीएचपीत प्रोग्राम लिहितो आणि त्यांपैकी बरेचसे प्रोग्राम आपली माहिती एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवतात. ते वापरणारी आणि त्यांत पुढे भर घालणारी मुले तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरे एकदा नीट लिहून ठेवली आहेत. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी एकच प्रोग्राम घेतला आहे: धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास दीक्षाभूमीच्या परिसरात लागणाऱ्या एका पुस्तकांच्या स्टॉलची बिले. आज्ञा आणि फंक्शनांची नावे इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीतच करावी लागतील, हे सांगायला नको.

एसक्यूलाइटचा सर्व्हर कुठे असतो?

कुठेच नसतो. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसमध्ये डेटाबेस सांभाळणारा स्वतंत्र प्रोग्राम सतत चालू असतो आणि आपली स्क्रिप्ट पोर्ट, युजरनेम आणि पासवर्ड देऊन त्याच्याशी बोलते. एसक्यूलाइट ही सी भाषेत लिहिलेली लायब्ररी आहे. ती पीएचपीच्या प्रोसेसमध्येच चालते आणि सगळी टेबले, इंडेक्स व नोंदी एकाच साध्या फायलीत ठेवते. रिचर्ड हिप यांनी ती २००० साली लिहिली. ते त्या वेळी अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकांसाठीच्या एका सॉफ्टवेअरवर काम करत होते आणि डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रामही अडून बसत असे. आज वापरात असलेली तिसरी मालिका २००४ पासूनची आहे. तिच्यावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही, त्यामुळे ग्राहकाला प्रोग्राम विकताना परवान्याचा प्रश्न येत नाही.

सर्व्हर नाही म्हणजे त्याची कामे संपली, असा मात्र अर्थ होत नाही. फायलीला कोण हात लावू शकतो, दोघांनी एकाच वेळी लिहिले तर काय करायचे, बॅकअप कसा घ्यायचा, मराठी शब्दांचा क्रम कसा लावायचा, हे सगळे आता आपल्या कोडने पाहायचे असते. खालचे बहुतेक प्रश्न तिथूनच निघतात.

स्टॉलवर मायएसक्यूएल चालले नसते का?

चालले असते. पण त्या दिवसांत दीक्षाभूमीच्या गर्दीत मोबाइलच्या नेटवर्कवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून सगळा कारभार स्टॉलवरच्या एका लॅपटॉपवर ठेवावा लागतो. लॅपटॉपला एक छोटा राउटर जोडलेला, आणि तीन कार्यकर्ते आपापल्या फोनच्या ब्राउझरमधून बिले करतात, अशी मांडणी असते. अशा ठिकाणी चालू ठेवावी लागणारी सेवा जितकी कमी, तितकी डोकेदुखी कमी. मध्येच लॅपटॉप बंद पडला तरी अर्धवट बिल फायलीत राहत नाही. एक ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र नोंदायच्या बदलांचा गट, एकतर पूर्ण नोंदले जाते किंवा अजिबात नोंदले जात नाही.

पीएचपीच्या आतच येणारा वेब सर्व्हर मी तिथे वापरतो. तो डेव्हलपमेंटपुरता आहे असे पीएचपीचे मॅन्युअल बजावते आणि इंटरनेटवर उघड्या साइटसाठी तो वापरूच नये. स्टॉलच्या बंदिस्त वायफायवर तो पुरतो. एक लक्षात ठेवावे, की तो मुळात एका वेळी एकच विनंती हाताळतो. पीएचपी ७.४ पासून त्याला अनेक वर्कर देता येतात, पण विंडोजवर नाही.

पीडीओ वापरावे की एसक्यूलाइट३ हा क्लास?

पीडीओ म्हणजे पीएचपीतून वेगवेगळ्या डेटाबेसांशी एकाच पद्धतीने बोलण्याची सोय; एसक्यूलाइट३ हा क्लास फक्त एसक्यूलाइटपुरता आहे. उद्या मायएसक्यूएलवर जाण्याची शक्यता असेल तर पीडीओ, आणि मी बहुधा तेच वापरतो. दोघांत एक फरक असा आहे, जो फारसा कोणी सांगत नाही: फाईल दुसऱ्याने अडवलेली असेल तर पीडीओ मुळातच ६० सेकंदांपर्यंत वाट पाहते, तर एसक्यूलाइट३ क्लास अजिबात वाट न पाहता लगेच एरर देतो. त्या क्लासवर बिझीटाइमआउट हे फंक्शन आपण स्वतः बोलवावे. पाच हजार मिलिसेकंद ठीक असतात.

पीएचपी ८.० पासून पीडीओ चूक झाल्यास आपोआप एक्सेप्शन फेकते. त्याआधीच्या आवृत्तीवर एररमोड स्वतः ठरवला नाही, तर चुकलेली क्वेरी गुपचूप फॉल्स परत देऊन पुढे जाते आणि बिल झाल्यासारखे दिसते. 'कुड नॉट फाइंड ड्रायव्हर' असा संदेश आला तर एक्स्टेन्शन सुरू नाही, इतकाच त्याचा अर्थ: उबुंटूवर पीएचपीचे एसक्यूलाइट३ पॅकेज टाकावे, विंडोजवर पीएचपीच्या आयएनआय फायलीत त्या ओळीसमोरचा अर्धविराम काढावा.

फायलीला लिहिण्याची परवानगी दिली, तरीही 'रीडओन्ली डेटाबेस' असा एरर का येतो?

कारण परवानगी फोल्डरलाही लागते. लिहिताना एसक्यूलाइट मूळ फायलीच्या शेजारी जर्नलची किंवा वॅलची (चालू बदल सांभाळणारी) तात्पुरती फाईल तयार करते, आणि फोल्डरमध्ये नवी फाईल करता आली नाही तर लेखन थांबते. उबुंटूवर अपाचे ज्या युजरच्या नावाने चालतो त्याच्या मालकीचा एक वेगळा फोल्डर करावा आणि डेटाबेस त्यात ठेवावा. सातशे सत्त्याहत्तरची परवानगी देऊन मोकळे होणारे बरेच भेटतात. ती देऊ नये.

तो फोल्डर वेबच्या मूळ फोल्डरच्या बाहेरच असावा. आत असेल आणि कोणी ब्राउझरमध्ये फायलीचे नाव टाकले, तर अपाचे ती संपूर्ण फाईल निमूटपणे डाउनलोड करून देईल. एसक्यूलाइटला पासवर्ड नसतो; ज्याच्या हाती फाईल, त्याच्या हाती सगळे.

'डेटाबेस इज लॉक्ड' हा एरर कधी येतो आणि तो कसा टाळावा?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि 'टाइमआउट वाढवा' हे त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर अर्धेच बरोबर आहे.

एका फायलीत एका क्षणी एकच जण लिहू शकतो, हा मूळ नियम कशानेही बदलत नाही. नेहमीच्या जर्नल पद्धतीत तर लिहिणाऱ्याला शेवटच्या क्षणी वाचणाऱ्यांनाही बाहेर थांबवावे लागते. २०१० साली ३.७.० या आवृत्तीत वॅल ही पद्धत आली. तिच्यात नवे बदल आधी शेजारच्या वॅल फायलीत जातात, त्यामुळे वाचणारे आणि लिहिणारा एकमेकांच्या आड येत नाहीत. 'प्राग्मा जर्नल_मोड = वॅल' ही आज्ञा एकदाच द्यावी लागते; ती निवड फायलीतच नोंदली जाते. वाट पाहण्याची मुदत मात्र प्रत्येक कनेक्शनला नव्याने सांगावी लागते.

आता टाइमआउट ठेवूनही एरर का येतो ते पाहू. गणेश आणि प्रतिभा हे दोन कार्यकर्ते एकाच पुस्तकाचे बिल करत आहेत असे समजा. दोघांच्याही स्क्रिप्टने ट्रान्झॅक्शन सुरू केले, शिल्लक वाचली आणि दोघांना ५ हा आकडा दिसला. गणेशच्या स्क्रिप्टने शिल्लक ४ केली आणि ट्रान्झॅक्शन पूर्ण केले. प्रतिभाची स्क्रिप्ट आता लिहायला जाते, पण तिने वाचलेले चित्र शिळे झाले आहे. ती कितीही थांबली तरी ते ताजे होणार नाही, म्हणून एसक्यूलाइट टाइमआउटची मुदत न पाहता तिला तत्काळ 'लॉक्ड' सांगून परत पाठवते. इथे टाइमआउट एक तास ठेवला तरी फरक पडत नाही.

उपाय असा, की ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये पुढे लिहायचे आहे ते 'बिगिन इमिजिएट' या आज्ञेने उघडावे. मग लिहिण्याचा हक्क सुरुवातीलाच मागितला जातो, दुसऱ्याला दाराशीच थांबवले जाते, आणि थांबण्याला अर्थ असल्याने टाइमआउटही काम करतो. पीडीओचे बिगिनट्रान्झॅक्शन हे फंक्शन साधे 'बिगिन' पाठवते, त्यामुळे ही आज्ञा पीडीओच्या एक्झेक या फंक्शनमधून द्यावी, आणि 'कमिट' व 'रोलबॅक'सुद्धा एक्झेकमधूनच. दोन पद्धतींची सरमिसळ केली तर पीडीओ ट्रान्झॅक्शन सुरूच नाही असे म्हणू शकते.

त्याहून सोपा मार्ग पुष्कळदा उपलब्ध असतो. शिल्लक आधी वाचून मग बदलण्याऐवजी 'शिल्लक एकने कमी कर, जिथे पुस्तकाचा क्रमांक हा आहे आणि शिल्लक किमान एक आहे' असे एकच अपडेट पाठवावे आणि किती ओळी बदलल्या ते पाहावे. शून्य आले तर पुस्तक संपले. आणि ट्रान्झॅक्शन उघडे असताना पावती छापणे, एसएमएस पाठवणे असली संथ कामे करू नयेत. दाराची कडी लावून चहा प्यायला बसण्यासारखे ते आहे.

पुस्तकांची यादी अकारविल्हे लावली तर क्रम चुकतो. दुरुस्ती कशी करावी?

एसक्यूलाइट मुळात बाइटांच्या क्रमाने लावते, म्हणजे देवनागरीसाठी युनिकोडमधल्या क्रमाने. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल च्या लगेच पुढे आहे, तर आपल्या वर्णमालेत ते ह च्या नंतर येते. त्यामुळे 'काळ' हा शब्द 'काव्य' आणि 'कास' यांच्या आधी येऊन बसतो, जिथे मराठी वाचक तो शोधणार नाही. क्ष हे युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षरच नाही; ते क, हलन्त आणि ष यांचे मिळून बनते, म्हणून क्ष ने सुरू होणारी नावे क च्या पोटात जातात.

यावर उपाय म्हणजे आपला स्वतःचा क्रम नोंदवणे. पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शनमधला कोलेटर (शब्दांचा क्रम ठरवणारा घटक) मराठी-भारत या लोकेलने तयार करावा आणि पीडीओच्या एसक्यूलाइटक्रिएटकोलेशन या फंक्शनने तो 'मराठी' अशा एखाद्या नावाने एसक्यूलाइटला द्यावा. मग ऑर्डर बायच्या पुढे ते नाव लिहिले की क्रम वर्णमालेप्रमाणे येतो. ही नोंदणी फायलीत राहत नाही, प्रत्येक कनेक्शनला करावी लागते. या क्रमावर इंडेक्स बांधला असेल, आणि दुसऱ्या एखाद्या साधनाने ती फाईल उघडून त्या टेबलात लिहायला गेले, तर 'असा क्रम माहीत नाही' म्हणून ते अडते. काही हजार पुस्तकांच्या यादीला असा इंडेक्स लागत नाही; मी बांधत नाही.

शोधातली अडचण याहून छुपी आहे. 'शेतकऱ्यांचा' या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त देतात, तर काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एसक्यूलाइटला ते वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. नोंद साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी, एक रूप दुसऱ्यात बदलून घ्यावे.

पूर्ण मजकुरात शोधण्यासाठीचे एफटीएस५ वापरणाऱ्यांनी आणखी एक खाचखळगा ओळखून असावे. त्याचा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) अक्षरे आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हे चिन्हवर्गात मोडत असल्याने तो तिथे शब्द तोडतो. 'दीक्षा' या शब्दाचे द, क आणि ष असे तीन तुकडे होतात. टेबल तयार करतानाच कॅटेगरीज या पर्यायात एमएन आणि एमसी हे दोन वर्ग जोडले म्हणजे शब्द अखंड राहतात.

'नागपूर' या शब्दाची लांबी १८ कशी?

पीएचपीचे एसटीआरलेन बाइट मोजते, म्हणून १८. एसक्यूलाइटचे लेंग्थ फंक्शन युनिकोडची चिन्हे मोजते, म्हणून ६. वाचणाऱ्याला दिसतात ती चार अक्षरे मोजायची असतील तर पीएचपीचे ग्राफीम_एसटीआरलेन वापरावे.

पूर्णांकाच्या कॉलममध्ये शब्द कसा काय साठवला जातो?

एसक्यूलाइटमध्ये कॉलमचा प्रकार ही सूचना असते, सक्ती नसते. पूर्णांकाच्या कॉलममध्ये 'बारा' लिहिले तरी ते मुकाट्याने ठेवले जाते, आणि वीस अक्षरांची मर्यादा घातलेल्या कॉलममध्ये दोनशे अक्षरेही मावतात. आपल्याकडे याचा फटका एका खास जागी बसतो. हे पान देवनागरी अंकांत लिहिले आहे, पण एसक्यूलाइटला अंक म्हणून फक्त इंग्रजी अंक कळतात. कार्यकर्त्याने मराठी कीबोर्डवरून किंमत '१२०' अशी भरली तर ती मजकूर म्हणूनच राहते, बेरजेत शून्य धरली जाते, आणि तुलनेत कोणत्याही संख्येपेक्षा मोठी ठरते. पीएचपीत तिला पूर्णांकात बदलायला गेलात तर तिथेही शून्यच मिळते. फॉर्ममधून आलेले अंक आधी इंग्रजी अंकांत बदलून घ्यावेत. शिवाय २०२१ च्या ३.३७ आवृत्तीपासून टेबलाच्या व्याख्येच्या शेवटी 'स्ट्रिक्ट' हा शब्द लिहिता येतो. मग अशी नोंद थेट नाकारली जाते. नव्या टेबलाला मी तो नेहमी लावतो.

रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी. दशांशात ठेवली तर दिवसअखेरीच्या बेरजेत एखादा पैसा इकडेतिकडे होतो आणि कोषाध्यक्ष तो विसरत नाहीत.

फॉरेन कीचे, म्हणजे एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी बांधणारे, नियमही मुळात बंद असतात. 'प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन' प्रत्येक कनेक्शनवर द्यावे, नाहीतर पुस्तक पुसले तरी त्याची बिले अनाथ होऊन राहतात.

रात्रीची विक्री आदल्या दिवशी का दिसते?

करंट_टाइमस्टॅम्प भारतीय वेळ देत नाही, ग्रीनिचची देते, आणि ती आपल्या साडेपाच तास मागे आहे. १४ ऑक्टोबरला रात्री १ वाजून १० मिनिटांनी झालेले बिल १३ ऑक्टोबर, १९:४० असे नोंदले जाते. दिवसा चालणाऱ्या दुकानात ही चूक वर्षानुवर्षे लक्षात येत नाही, कारण तारीख बदलत नाही. पहाटे साडेपाचपूर्वी विक्री झाली की ती उघडी पडते. साठवताना ग्रीनिचचीच वेळ ठेवावी आणि अहवाल काढताना डेट फंक्शनला '+३३० मिनिट्स' हा फेरफार द्यावा, अर्थात इंग्रजी अंकांत आणि रोमन अक्षरांत. आपल्याकडे घड्याळे उन्हाळ्यात पुढे-मागे होत नसल्याने हा ठरावीक आकडा पुरतो. लोकलटाइम हा पर्यायही आहे, पण तो सर्व्हरच्या घड्याळावर विसंबतो, आणि भाड्याचा सर्व्हर कोणत्या देशाच्या वेळेवर लावलेला आहे हे आपल्या हातात नसते.

बॅकअपसाठी फाईल कॉपी केली तर चालेल का?

प्रोग्राम चालू असताना नाही. हे मी स्वतः चुकून शिकलो आहे. एका वर्षी स्टॉल आवरताना मी डेटाबेसची फाईल पेन ड्राइव्हवर घेतली आणि लॅपटॉप सहकाऱ्याकडे ठेवून घरी गेलो. सकाळी हिशेब करायला बसलो तर शेवटच्या दोन-तीन तासांची बिलेच नव्हती. कागदी पावतीपुस्तकातला शेवटचा क्रमांक आणि माझ्याकडचा शेवटचा क्रमांक यांचा मेळ बसेना. बिले गेली नव्हती, ती शेजारच्या वॅल फायलीत होती आणि ती फाईल मी घेतलीच नव्हती.

खरे तर शेवटचे कनेक्शन बंद होताना एसक्यूलाइट वॅलमधले बदल मूळ फायलीत मिसळून वॅल फाईल काढून टाकते, आणि पीएचपीची कनेक्शने प्रत्येक विनंतीनंतर बंद होतात. पण मी दिवसभर आकडे पाहण्यासाठी डेटाबेस पाहण्याचे एक साधन लॅपटॉपवर उघडे ठेवले होते, त्यामुळे शेवटचे कनेक्शन कधी बंदच झाले नाही. एरवी मिसळण्याचे काम वॅलमध्ये १००० पाने साठल्यावर आपोआप होते. ४०९६ बाइटांच्या पानांप्रमाणे ते सुमारे चार एमबी झाले, आणि पुस्तकांच्या बिलांना तिथवर पोचायला बराच वेळ लागतो.

'व्हॅक्यूम इन्टू' या आज्ञेने चालू डेटाबेसचीही एक संपूर्ण, एकसंध प्रत निघते. ती २०१९ च्या ३.२७ आवृत्तीत आली. ज्या नावाने प्रत काढायची त्या नावाची भरलेली फाईल आधीपासून असेल तर ती नकार देते, म्हणून नावात तारीख व वेळ घालावी. पीएचपी ७.४ पासून एसक्यूलाइट३ क्लासमध्ये बॅकअप नावाचे फंक्शनही आहे. निघालेली प्रत उघडून तिच्यावर 'प्राग्मा इंटेग्रिटी_चेक' चालवावे; 'ओके' एवढे एकच उत्तर आले पाहिजे.

चालू डेटाबेस क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये किंवा नेटवर्कवरच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवू नये. तिथली कुलपे भरवशाची नसतात, आणि वॅल पद्धत तर सगळी कनेक्शने एकाच संगणकावर असली तरच चालते.

सहा हजार पुस्तकांची यादी भरायला इतका वेळ का लागतो?

ट्रान्झॅक्शन न उघडल्यामुळे. प्रत्येक इन्सर्ट मग स्वतंत्र ट्रान्झॅक्शन होते आणि डिस्कवर खरोखर पोचल्याची खात्री दर वेळी केली जाते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या जुन्या डिस्कवर सेकंदाला साधारण ६० ट्रान्झॅक्शने होतात, म्हणजे सहा हजारांना शंभर सेकंद. तीच यादी एका ट्रान्झॅक्शनमध्ये, एकदाच तयार केलेल्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटने भरा. हात डोक्याला लावण्याआधी काम संपते.

बाहेरून आलेला मजकूर क्वेरीत जोडला तर काय बिघडते?

मायएसक्यूएलमध्ये जे बिघडते तेच: तो मजकूर क्वेरीचाच भाग बनून भलतीच आज्ञा चालवू शकतो. मूल्ये प्रश्नचिन्हाच्या जागी बाइंड करावीत, म्हणजे क्वेरीपासून वेगळी पाठवावीत. टेबलाचे किंवा कॉलमचे नाव बाइंड करता येत नाही, त्यामुळे 'कशाने क्रम लावायचा' हे ब्राउझरमधून येत असेल तर आपल्या ठरलेल्या नावांच्या यादीशी ते जुळवून पाहावे. मजकुराला एकेरी अवतरणचिन्हेच वापरावीत. दुहेरी चिन्हांत लिहिलेले कॉलमचे नाव चुकले, तर एसक्यूलाइट एरर देण्याऐवजी त्याला मजकूर समजून पुढे जाऊ शकते, आणि अशी चूक सापडेपर्यंत अर्धा दिवस जातो.

मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसवर कधी जावे?

फाईल मोठी झाली म्हणून नव्हे. एसक्यूलाइटची कमाल मर्यादा सुमारे २८१ टेराबाइट आहे आणि ती कोणी गाठत नाही. दिवसाला एक लाखाहून कमी हिट्स असलेल्या साइटला एसक्यूलाइट पुरावी, असे तिचे निर्माते सांगतात, आणि त्यांची स्वतःची साइट याहून जास्त भार तिच्यावरच पेलते.

खरी खूण वेगळी आहे: एकाच डेटाबेसमध्ये एकाहून अधिक संगणकांवरून थेट लिहायची वेळ आली, किंवा अनेक जण सतत लिहू लागले आणि वरचे सगळे उपाय करूनही रांग लागू लागली, की जावे. स्टॉलवर तीन फोन होते तरी लिहिणारा लॅपटॉप एकच होता, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. त्याच मंडळींनी शहरात दोन ठिकाणी कायमची दुकाने काढून दोन्हींचा साठा एकत्र ठेवायचे ठरवले, तेव्हा मी त्यांना पोस्टग्रेसवर नेले. क्वेरी फारशा बदलाव्या लागल्या नाहीत. पूर्णांकाच्या कॉलममध्ये जुन्या वर्षांत शिरलेले देवनागरी अंक मात्र पोस्टग्रेसने एकही घेतला नाही, आणि ते शोधून बदलण्यात दोन संध्याकाळी गेल्या.